नव्या गल्लीचा सरासरी नमुना

पेरलेलं उगवलं नाही, तर दोष बियाण्याचा असतो. शेतीत याबद्दल दुमत नाही. कापूस विरळ निघाला की शेतकरी आधी पिशवी शोधतो, मग पावती शोधतो, मग तालुक्याला अर्ज देतो. समिती येते, वावरात उभी राहते, चहा पिते, पंचनामा करते. जमिनीला कुणी बोल लावत नाही. जमीन आपली असते, बापजाद्यांची असते. बियाणं बाहेरून आलेलं असतं.

घरात हाच नियम उलटा लागल्यासारखा दिसतो, पण मूळ तत्त्व तेच राहतं. जे बाहेरून आलं, दोष त्याचा. (शेतात बियाणं बाहेरून येतं. घरात सून.)

आमच्या नव्या गल्लीत हे तत्त्व फार निष्ठेनं पाळतात. गाव शहादा तालुक्यातलं, तापीकाठच्या काळ्या जमिनीचं. शेजारच्या ब्राह्मणपुरी आणि कळसाडी या दोन्ही गावांत आमच्या सोयरिकी आहेत, यावरून काय ते समजून घ्या. गावाचं नाव सांगत नाही, कारण गल्लीतली आणखी तीन मुलं लग्नाची आहेत आणि मुलींचे बाप हल्ली वाचतात.

गल्ली प्रगतिशील आहे. हे मी म्हणत नाही, कोपऱ्यावरचा फलक म्हणतो. नऊ घरं, अकरा ट्रॅक्टर, सव्वीस फवारणी पंप आणि एक मास्क. (मास्क कोरोनातला आहे. तो भिकन आप्पांच्या ट्रॅक्टरच्या आरशाला लटकवलेला असतो, नजर लागू नये म्हणून.) इथले लोक फवारणीला मजूर लावत नाहीत, मजूर औषध वाया घालवतात म्हणून. घरचाच तरुण मुलगा पंप पाठीवर घेतो. पंप गळतो. सदऱ्यावर पाठीच्या मधोमध हिरवट पट्टा उमटतो आणि तो धुतला तरी जात नाही. लग्नाच्या बाजारात या पट्ट्याला किंमत आहे. मुलगा कामाचा आहे, हे त्यावरून कळतं.

औषधाचं प्रमाण आमच्याकडे चमच्याने मोजत नाहीत, अनुभवाने मोजतात. ढवळायला काठी नसली तर हात असतो. मधल्या सुट्टीत हॉटेलातून चहा येतो, प्लास्टिकच्या पातळ पन्नीत बांधलेला, कढत. त्याच हाताने गाठ सोडायची, पन्नीच्या कोपऱ्याला भोक पाडायचं आणि प्यायचा. औषधाचे रिकामे डबे फेकत नाहीत, कारण कंपनी डबा फार चांगला देते. त्यातून वावरात पाणी जातं, उन्हाळ्यात ताक जातं आणि दगूबाईंच्या घरी तर शेंगदाण्याचं तेलही त्यातच असतं. डब्यावर सूचना असते, 'तीन वेळा धुवावे'. ती सगळे पाळतात. पुढे 'व भोक पाडून पुरून टाकावे' असंही असतं, पण ते दुसऱ्या ओळीत.

गल्लीचं खरं पांडित्य केळीत दिसतं. घड बाहेर पडल्यावर कोणत्या संजीवकाची फवारणी करायची, पंधरा लिटरच्या पंपात किती टाकायचं, हे इथल्या माणसाला झोपेतही सांगता येतं. चिमूटभर पडलं तर फळाची लांबी बदलते. अर्धी चिमूट जास्त पडली तर घड वेडावाकडा होतो. चिमूटभर रसायनानं माणसातही काही बदलत असेल, असं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. साहजिक आहे. माणूस म्हणजे केळी नव्हे.

तर अशा या गल्लीत सहा जोडपी होती आणि पाळणा एकही हलत नव्हता.

सर्वांत जुनं लग्न मयूरीचं. भिकन आप्पा आणि दगूबाई यांची ती सून, हेमकांतची बायको. चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत तिच्यावर गल्लीची ठरलेली कार्यपद्धती क्रमाने राबवण्यात आली. आधी उपास. मग शहाद्याची डॉक्टरीण. मग उपास आणि डॉक्टरीण एकत्र. मग नंदुरबारला सोनोग्राफी, धुळ्याला दुर्बीण, सुरतेला जास्त महाग दुर्बीण. मधे एका बाबाने स्वयंपाकघराचं दार हलवायला सांगितलं, ते हलवलं. मग पूर्वीच्या जागी नेलं, कारण धूर कोंडायला लागला. प्रत्येक ठिकाणी सांगितलं गेलं की पोरीत काही दोष नाही. यावरून घरच्यांनी असा निष्कर्ष काढला की दोष फार आत असणार.

मयूरी हे सगळं करत होती. भाकरी थापावी तसं. फक्त सोयऱ्यांकडच्या बारशाला ती मागच्या रांगेत बसायची आणि पाळण्याची दोरी बायकांच्या हातातून फिरत फिरत तिच्यापर्यंत यायला लागली की पदर सावरायच्या निमित्ताने उठायची. दोरी मग पुढच्या बाईकडे जायची. कुणालाच काही बोलावं लागायचं नाही. आमच्या गल्लीतल्या बायका फार समजूतदार आहेत.

गेल्या वर्षी होळी झाली आणि दगूबाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. पाय लांब केले, सुपारी कातरली.

"आखाजीले धाडी देसूत तिले माहेरले," म्हणाल्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्याच पोरी माहेरी जातात, झोक्यावर बसतात, गाणी म्हणतात, त्यात नवीन काय, असं मी म्हटलं.

"धाडसूत. पन आनाले कोनी जावाव नही."

सुपारीचं खांड त्यांनी मला दिलं, दुसरं स्वतःच्या तोंडात टाकलं. वळणदार निर्णय होता. हाकललं असं कुणी म्हणू शकणार नव्हतं; फक्त आणलं नाही, एवढंच. हेमकांतसाठी उच्छलकडची एक मुलगी बघून ठेवली होती. तिच्या बापाला सांगितलं होतं, मुलगा मेहनती आहे. सदरा दाखवला होता.

कार्यपद्धतीत शेवटची एक फेरी शिल्लक होती, म्हणून मयूरीला पुन्हा शहाद्याला नेलं. डॉक्टरबाईंनी फाइल उघडली. फाइल आता इतकी जाड झाली होती, की ती धरायला हेमकांत सोबत जात असे. बाईंनी पानं चाळली आणि विचारलं, "हे सगळं हिचंच आहे. यांचं कुठंय?"

हेमकांतने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

मग बाईंनी समजावून सांगितलं. मयूरीने ते नंतर मला सांगितलं, ते असं. आपल्या शरीरात कोणत्या अवयवानं केव्हा काय करायचं, याचे निरोप रक्तातून फिरत असतात. काही रसायनं, त्यात काही फवारणीची, काही प्लास्टिकमधली, शरीरात शिरून त्या निरोपांची नक्कल करतात, नाहीतर खऱ्या निरोपाची वाट अडवतात. शरीर फसतं. (ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपल्या उमेदवाराच्या नावाचाच दुसरा माणूस उभा करतात, तसं. मतं पडतात, पण चुकीच्या खोक्यात.) पुरुषाचं बीज त्यामुळे कमी होऊ शकतं, दुबळं होऊ शकतं. दरवेळी होतंच असं नाही, पण तपासल्याशिवाय कळणार कसं?

बीज तपासायचं, हे वाक्य डॉक्टरबाईंच्या खोलीतून निघून गल्लीत पोचलं, तेव्हा संध्याकाळचं दूध काढून झालं होतं. लगेच सोसायटीच्या गोदामात सभा भरली. विषय नाजूक असल्याने बायकांना प्रवेश नव्हता. (गोदामाचा पत्रा आमच्या न्हाणीला लागून आहे. अंघोळ कधी करावी, यावर अजून बंदी नाही.)

अध्यक्षस्थानी भिकन आप्पा होते. पहिली अडचण पलीकडच्या घरच्या भाग्येशने मांडली. त्याचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती.

"लॅबवाला मन्हा साडू शे. आज बाटली दिधी, ते सांजलगून सुरतले खबर जाई."

"आनि एकला गया, ते त्यान्हंच नाव व्हई," दुसरा कुणी म्हणाला. "बठ्ठा म्हनतीन, ह्यान्हामाच काही तरी शे."

मग दोधू नाना खाकरले. दोधू नाना गल्लीतले माती परीक्षणाचे जाणकार. त्यांचं मृदा आरोग्य कार्ड प्लास्टिकमध्ये मढवून देवघरात लावलेलं आहे. त्यांनी सर्वांना मातीच्या नमुन्याची आठवण करून दिली. वावरात नागमोडी चालायचं, आठ-दहा ठिकाणची माती घ्यायची, घमेल्यात कालवायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि असं करत करत अर्धा किलो उरली की पिशवीत भरून पाठवायची. त्यामुळे बांधाच्या एका कोपऱ्यापायी अख्ख्या वावराची बदनामी होत नाही.

"तसंच करा ना," नाना म्हणाले. "बठ्ठास्नं एकत्र धाडा. सरासरी निंघी."

"नाना, मंग चार भाग करीसन दोन फेकाना का?"

"ते मातीले."

ठराव एकमताने मंजूर झाला. नानांची वही नंतर त्यांच्या नातीने गणितासाठी वापरली आणि ती माझ्या हाती आली, म्हणून मला तो जसाच्या तसा देता येतो: 'नव्या गल्लीतील विवाहित व अपत्य नसलेल्या पुरुषांची तपासणी वैयक्तिक स्वरूपात न करता, माती परीक्षणाच्या धर्तीवर, सर्वांचा मिळून एक प्रातिनिधिक सरासरी नमुना घेऊन करण्यात यावी. निष्कर्ष गल्लीस लागू राहील, व्यक्तीस नाही. सूचक, दोधू नाना. अनुमोदक, सर्व.'

अंमलबजावणीच्या तपशिलात मी जात नाही. आम्ही बायका त्या सकाळी कापसाच्या काड्या गोळा करायला वावरात होतो, आणि आम्हाला तिकडे पाठवण्यात आलं होतं. एवढं नक्की की सहाही घरांनी सहकार्य केलं. सहकाराची चळवळ आपल्या भागात रुजली नाही असं जे म्हणतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं. बाटली भिकन आप्पांनी स्वतःची दिली. पाव लिटरची, मावा-तुडतुड्याच्या औषधाची, चांगल्या झाकणाची. तीन वेळा धुतलेली.

भाग्येशचा साडू सुट्टीवर आहे याची खात्री करून नाना आणि आप्पा शहाद्याला गेले. काउंटरवर एक नवीन मुलगी होती. ती संगणकाकडे बघत होती, माणसांकडे नाही.

"पेशंटचं नाव?"

"नवी गल्ली," नाना म्हणाले.

"वय?"

"सरासरी तीस."

मुलगी म्हणाली, असं चालत नाही, माणसाचं नाव लागतं, नाहीतर संगणक पुढे जात नाही. नाना आणि आप्पा बाजूला गेले. सहा नावं होती. त्यांतलं कोणतंही एक लिहिलं तर ठरावाचा भंग होत होता. आप्पांनी तोडगा काढला. आपल्या घरचं एक नाव या संगणकात आधीच आहे, म्हणाले. चार वर्षांपासून आहे. त्याला आता काय होणार?

मुलीने नाव टाकलं. मयूरी हेमकांत. संगणक पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. तो इंग्रजीत होता. दोधू नानांना इंग्रजीतलं नाव वाचता येतं आणि मोठी अक्षरं वाचता येतात. त्यांनी आप्पांच्या ओट्यावर, गल्लीसमोर, दोन्ही वाचून दाखवलं. वर होतं मयूरी. खाली होतं निल.

"निल शे," आप्पा म्हणाले. "मी पहिलेपासून सांगी ऱ्हायनू."

गल्लीनं सुटकेचा श्वास सोडला. चार वर्षं जे सुरतेच्या दुर्बिणीला दिसलं नाही, ते शेवटी शहाद्यात सापडलं होतं. सहा पुरुषांनी कष्ट घेतले त्याचं चीज झालं. भाग्येशने पेढे आणायचे का, असंही विचारलं.

मयूरी आतून आली. हात पिठाचे होते. तिनं कागद घेतला, सावकाश वाचला, निल कशाचं ती बारीक ओळही वाचली: हलणारं बीज.

"आप्पा, खरं शे," ती म्हणाली. "पुरुषनं बीज मन्हामा नही. एक बी नही."

"देखा," आप्पा लोकांना म्हणाले.

"ते बाईमा ऱ्हास नही, आप्पा."

"वाद नको घालू," दगूबाई म्हणाल्या. "कागद शे तो."

मयूरी हसायला लागली. मोठ्याने नाही, पण थांबेना. मी तिला चार वर्षांत तसं हसताना पाहिलं नव्हतं. पदर तोंडात धरून ती आत गेली, आणि थोड्या वेळाने कपाट उघडल्याचा आवाज आला. ती साड्या काढत होती. आखाजीला आठवडा होता. माहेरी जाताना बाई दोन साड्या नेते. ती सगळ्या काढत होती. पुढे उच्छलच्या मुलीला कपाट रिकामं लागेल, म्हणून असेल.

हेमकांत ओट्याच्या पायरीवर बसला होता. त्या कागदात एक षष्ठांश तोही होता. तो उठला, आत गेला, मयूरीच्या हातातली घडी घेऊन परत कपाटात ठेवली आणि मोटरसायकलची किल्ली घेऊन बाहेर पडला.

"कोठे जाई ऱ्हायना?" आप्पांनी विचारलं.

"नाव लिखाले."

तो एकटा गेला. बाटली दवाखान्याची होती, नाव त्याचं. अहवालात बीज निघालं, पण फार कमी आणि अर्ध्याहून जास्त न हलणारं. तो कागद त्याने स्वतः ओट्यावर आणून ठेवला आणि म्हणाला, दोष मन्हामा शे, मयूरी कोठे जावाव नही. गयी तरी मी आनाले जासू.

गल्लीच्या इतिहासात असं वाक्य पुरुषाच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. रात्रीच पुन्हा सभा भरली, आणि सभेनं घटनेचा शास्त्रीय अर्थ लावला. वावराचा एक कोपरा खारवट असला की त्याची माती सगळ्या नमुन्याला लागते आणि सरासरी बिघडते, असं नानांनी दाखवून दिलं. सरासरी का बिघडली, ते आता कळलं होतं. उरलेले पाचही जण, ओघानेच, निर्दोष ठरले. त्यांच्या बायकांची पुढच्या सोमवारी सुरतेची वेळ घेण्यात आली.

हेमकांतला डॉक्टरबाईंनी सांगितलं ते त्याने अक्षरशः पाळलं. पंप पाठीवरून उतरवला. औषधाला हात लावायचा नाही, फवारलेल्या वावरात लगेच शिरायचं नाही, पन्नीतला चहा बंद. घरातले सगळे डबे त्याने भोकं पाडून पुरले. दगूबाई तेलाच्या डब्यासाठी दोन दिवस जेवल्या नाहीत. आखाजीला मयूरी माहेरी गेली, झोक्यावर बसली, आणि ठरल्या दिवशी तिला आणायला हेमकांत गेला, डोक्याला रुमाल बांधून, नव्या जावयासारखा लाजत. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, शरीराला वेळ द्या, सुधारेलच अशी हमी नाही, पण पुष्कळदा सुधारतं. सुधारलं. यंदा मयूरीला सातवा महिना आहे. ओटी भरली तेव्हा आप्पांनी गल्लीत सांगितलं की कागदाचा उपयोग झाला. कोणत्या कागदाचा, ते कुणी विचारलं नाही. ओटीच्या वेळी बायका पुढे सरकून बसल्या आणि मयूरीला मधे घेतलं. मला डोळे पुसायला पदर पुरला नाही.

अशा कथा इथे संपवतात. वाचकाला बरं वाटतं, त्यालाही आणि लिहिणाऱ्यालाही पुढचं काम असतं.

तरी एक प्रशासकीय बाब नोंदवून ठेवते. हेमकांतचा पंप आता सुरुपसिंग घेतो. धडगावच्या पलीकडच्या पाड्यावरचा, बावीस-तेवीस वर्षांचा. जीपच्या टपावर बसून घाट उतरून आला, सोबत बायको तुळशीबाई. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. केळीच्या वावरातल्या औषधांच्या खोलीतच राहतात, कारण ती रिकामी होती. नऊ एकर केळी, सहा एकर कापूस. मजूर औषध वाया घालवतात हे मत आप्पांनी मोठ्या मनाने बदललं. मयूरीने त्याला मास्क आणि हातमोजे आणून दिले. ती बघत असली की तो घालतो.

"ताई, तोंड बांधलं तर बिडी कशी पिऊ?" असं विचारतो आणि हसतो. दात फार सुंदर आहेत त्याचे.

त्याला काही होणार नाही ना, असं मी एकदा आप्पांना विचारलं.

"त्या लोकेसले काय व्हस नही. डोंगरनी हवा खायेल शेतस."

गेल्या आठवड्यात सुरुपसिंगची आई, छबूबाई, घाट उतरून आली. खांद्यावर नाचणीची पिशवी, तोंड उन्हानं रापलेलं. आमच्या ओट्यावर बसली, पाणी प्याली आणि मोडक्या मराठीत विचारलं की ती डॉक्टरबाई शहाद्यात कुठे बसते. दोन वर्षं होत आली, म्हणाली. सुनेला दाखवायचंय.

फवारणी बंद झाली, असं मी कुठेही लिहिलं नव्हतं. पंप हेमकांतच्या पाठीवरून उतरला एवढंच लिहिलं, आणि तो जमिनीवर ठेवला असेल असं धरून तुम्ही पुढे गेलात. ओटीपर्यंत आलात, तेव्हा तर सुरुपसिंगच्या दोन बागा फवारून झाल्या होत्या. ती केळी यंदा सुरतेला गेली, इंदूरला गेली, पुण्यालाही गेली. लांब, एकसारखी. छबूबाईला मी पत्ता दिलाय. डॉक्टरबाई विचारतीलच की हे सगळं इतकं कशासाठी फवारतात. तेव्हा तिनं काय सांगायचं ते तुम्हीच कळवा, कारण शहरात केळीच्या हातगाडीपाशी उभं राहून ठिपक्याची फणी बाजूला सारून लांब, एकसारखी उचलणारा हात आमच्या गल्लीतला नव्हता.